मागल्या खांद्याचा हुंकार

घोडा सोडलाय, दाणा घातलाय, आता उजाडेपर्यंत आपल्याला कुठं जायचं नाही. बसा. महेबूब, तो कंदील जरा बारीक कर, डोळ्यांत जातोय. आणि एक आधीच सांगून ठेवतो. एरवी गोष्ट सांगताना मी तुमच्याकडून हुंकार मागतो, कुणी पेंगला तर चाबूक वाजवतो. आज हुंकार द्यायचा नाही. "हूं" नको, "हां" नको, नुसती मान हलवा. का, ते गोष्टीतच येईल. मधे कुणी तोंड उघडलं तर हा रहेमान घोंगडं ओढून झोपला म्हणून समजा. मला काय, माझी ऐकून झालीय.

ज्याच्यावर गुदरली तो बहिरू डोलीवाला अजून आहे. त्र्यंबकच्या पलीकडं, कडवईच्या पठारावर राहतो. खोटं बोलायचं म्हटलं तर ज्याची जीभ अडखळते असा सरळ माणूस. त्यानं मला सांगितली तशी तुम्हाला सांगतो.

सन चौतीस. नवरात्र बसायच्या आदली रात्र, म्हणजे अमावस्याच.

कडवईच्या पठारावर जंगलखात्याचा बंगला आहे. तिथल्या रेंजरसाहेबांची बायको तापानं पडली होती, तिच्यासाठी नाशकाहून हुस्नबानो नर्सबाईंना बोलावलं होतं. मूळच्या मालेगावच्या. बाळंतपणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पायथ्यापर्यंत त्या माझ्याच टांग्यातून गेल्या. अंगानं भारी, गुडघे दुखरे, पण हौस दांडगी. चार दिवसांत रेंजरीणबाई उठून बसल्या, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, इतकं वर आलेच आहे तर साहेबलोक बघतात ते सगळे पॉइंट बघूनच खाली उतरेन. म्हणून दुपारचं जेवण झाल्यावर बहिरूला निरोप गेला.

आता डोली कशी असते ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही. एक लांब दांडी, तिला खाली झोळीसारखी बैठक टांगलेली. रुंद वाटेला चार माणसं लागतात, कड्याच्या वाटेला दोनच, एक पुढं आणि एक मागं. पुढल्याला वाट दिसते. मागल्याला काय दिसतं? बसलेल्या माणसाची पाठ, बस्स. स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. म्हणून पुढला चालताना बोलत जातो. दगड हाय. डावं धर. उतार आला. आणि प्रत्येक बोलाला मागला म्हणतो, "हूं." हूं आला की पुढला पाऊल टाकतो. हूं नाही आला तर तो जागचा हलत नाही, मग पाऊस कोसळो नाहीतर वाघ येवो. मागल्याचे पाय त्या बोलावर चालतात. डोकं मधे येतच नाही.

बहिरू जन्मभर मागचाच गडी. पुढं त्याचा थोरला भाऊ रावजी असायचा. दोघं मिळून डोली न्यायचे तेव्हा आत बसलेल्याला झोप लागायची, असं लोक सांगायचे. पण या रात्रीच्या दोन वर्षं आधी रावजी गेला. बहिरूच्या पोरीची, भागीची, सोयरीक ठरवायला बहिरू दुसऱ्या गावी गेला होता. इकडं डोंगर बघायला पाहुणे आले. रावजीनं मागं एक परका गडी घेतला. वाऱ्याचं तोंड म्हणून एक कडा आहे, तिथं पाहुणा उतरून उभा राहिला आणि हे दोघं रिकामी डोली वळवत होते. रावजी काठावर पोचला आणि म्हणाला, "थांब." परक्याचे पाय कुठले बोलावर थांबायला? त्यानं दांडी तशीच पुढं रेटली.

खाली उतरून लोकांनी दरी पालथी घातली. काही सापडलं नाही. तेव्हापासून पठारावर बोललं जायचं की रावजी आपला मागला गडी मागतोय. संध्याकाळी त्या कड्यावर हाक आली तर ओ द्यायची नाही, ओ दिली की त्याचा तुमच्यावर हक्क झाला. बहिरू तर त्या वाटेला फिरकायचाच नाही. त्याला भीती होती आणि त्याहून जास्त लाज होती, की आपण असतो तर थांबलो असतो.

तर त्या दिवशी पुढं होता गोरक्ष, रावजीचाच मुलगा. वीस-बावीसचा, खांदा चांगला, पण बोलायला आळशी. दोन बोल टाकायचा आणि तिसरा गिळायचा. बहिरू त्याला सारखा टोकायचा, अरे बाबा, मी मागं आंधळा आहे, तोंड चालव.

दुपार मात्र फार सुरेख गेली. हिरड्या-जांभळीच्या गर्द रानातून वाट होती, पठारावर सोनकी फुललेली. पहिला गिधाडकडा. तिथं माणूस वर उभा आणि गिधाडं खाली तरंगत असतात, पाखरांची पाठ बघायला मिळते. नर्सबाई लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. वाऱ्याच्या तोंडाला बगल देऊन बहिरूनं डोली रानातून नेली. बाईंनी विचारलं, तिकडं घोंघावतंय ते काय? गोरक्षनं चाल वाढवली. बहिरू म्हणाला, तिथं बघण्यासारखं काही नाही. मग शेवटचा, मावळतीचा कडा. दिवस कोकणात उतरत होता आणि डोंगरामागं डोंगर जांभळे होत चालले होते. बाई तिथनं हलायलाच तयार नव्हत्या.

तेवढ्यात वाल्मीक धावत आला. वाल्मीक म्हणजे बहिरूचा जावई, भागीचा नवरा. पठाराच्या दुसऱ्या टोकाला आंबेपाडा आहे, तिथून पळत आलेला, धड बोलता येईना. भागीला पहाटेपासून कळा लागल्या होत्या. पहिलटकरीण. पाड्यावरच्या म्हाताऱ्या सुईणीनं हात टेकले होते. मूल आडवं होतं.

 बहिरूची एकच पोर ती. बायको मागंच वारलेली, भागीला त्यानं आईच्या मायेनं वाढवलेलं. तो नर्सबाईंच्या पायाशी बसला, पण त्याला काही सांगावं लागलं नाही. बाई तोवर डोलीत बसल्याही होत्या. त्यांनी वाल्मीकला पुढं पिटाळलं, पाणी उकळत ठेव म्हणाल्या, आणि त्या सुईणीला पोटावर अजिबात दाबू देऊ नकोस. मग विचारलं, जवळची वाट कोणती?

वाटा दोन. रानातून वळसा घालून गेलं तर मध्यरात्र होणार. कड्याकडेची वाट सरळ पाड्यावर जाते, पण वाऱ्याच्या तोंडावरून.  गोरक्षनं मागं वळून बघितलं.

"काका, कुठनं?"

बहिरू म्हणाला, "कड्यानं."

वाल्मीक उजेडात पार झाला. यांना मात्र अर्ध्या वाटेत अंधार पडला, आणि अंधारापाठोपाठ कोकणाकडून धुकं वर चढलं. तुम्ही शहरातल्यांनी तसलं धुकं बघितलेलं नाही. गोरक्षच्या हातात कंदील होता, पण त्याचा उजेड चार बोटांवर थांबायचा. वाऱ्याचं तोंड जवळ आलं तसा खालून झोत यायला लागला. त्या कड्यावर वारा दरीतून वर येतो, पान टाकलं तर ते परत अंगावर येतं. कंदील विझला. काड्या दमट झाल्या होत्या, एक पेटेना. गोरक्षचा आवाज रडवेला झाला, म्हणाला, थांबू या, धुकं हटू दे.

झोळीतून नर्सबाई म्हणाल्या, "बेटा, आपण थांबू. तिच्या कळा नाही थांबायच्या."

दांडी परत खांद्यावर आली. गोरक्ष चालू लागला, पण बोल सुचेनात. एखादा शब्द यायचा आणि मग लांबवर काहीच नाही. बहिरू मागं चाचपडत होता.  उजव्या हाताला झाडी लागत होती. डाव्या हाताला नुसतं गार वाटत होतं. तिकडं दरी.

मग बोल यायला लागले.

"दगड हाय. उंच पाय टाक."

"हूं."

"वाट बारीक झाली. उजवं धर."

"हूं."

सावकाश, मोजके, एकामागून एक. जिथं सांगितला तिथंच दगड. जिथं सांगितलं तिथंच उतार. बहिरूच्या जिवात जीव आला. त्याला वाटलं, पोरगं वेळेला उभं राहिलं. आवाजही कसा बापावर गेलाय. एरवी कधी जाणवलं नव्हतं.

"शेवाळ हाय. टाच रोव."

"हूं."

टाच रोव. हा रावजीचा शब्द.  बापाचा शब्द पोरानं कधी उचलला कोण जाणे. त्याला वाटलं, पाड्यावर पोचलो की गोरक्षच्या पाठीवरून हात फिरवीन.

"खांदा पालट."

"हूं."

दोघांनी खांदा पालटला. झोळी हललीसुद्धा नाही. दोन वर्षांत अशी डोली चालली नव्हती. बहिरू मला म्हणाला, चाचा, खरं सांगतो, धुक्यात, अंधारात, पोरीचा जीव टांगणीला लागलेला, तरी मला क्षणभर बरं वाटलं.

वारा एकदम मोठा झाला. वाऱ्याचं तोंड आलं होतं.

"थांब."

बहिरू थांबला. डोक्याला कळायच्या आधी पाय थांबले. दांडी मागं ओढली गेली. पुढं गोरक्ष धडपडला. त्याच्या पायाखालून एक खडा सुटला... गेला. खाली पडल्याचा आवाज ऐकायला बहिरूनं कान दिला.

आवाज आलाच नाही.

"वाट खचलीय. झाडीत शीर. उजव्या अंगानं... बहिऱ्या."

बहिऱ्या.

गोरक्ष त्याला काका म्हणायचा. पठारावर सगळे दादा म्हणायचे. बहिऱ्या म्हणणारं एकच तोंड होतं... ते याच कड्यावरून गेलं होतं.

 बहिरूनं दांडी घट्ट धरली. आता त्याला सगळं उमगलं. इथपर्यंत किती हूं दिले त्यानं? प्रत्येक बोलाला दिले. ओ द्यायची नाही म्हणतात, आणि तो अख्खी वाट ओ देत आला होता.

 दांडी हलेना. वारा... नुसता वारा.

हूं दिल्याशिवाय पुढला पाऊल टाकत नाही.

बहिरूनं भागीला डोळ्यांपुढं आणलं. तिचा घामेजलेला चेहरा, दातांत धरलेला पदर. आणि भीतीखाली आणखी काही होतं. त्याला आपल्या भावाची आठवण येत होती. दोन वर्षं त्यानं ती दाबून ठेवली होती.

त्यानं डोळे मिटले. हलक्या आवाजात म्हणाला, "हूं."

दांडी हलली.

झाडीत शिरले. फांद्या तोंडावर. काटे. बोल येत राहिले. हूं जात राहिला. आता बहिरूला ठाऊक होतं की आपण कुणाला हूं म्हणतोय, तरी तो म्हणत होता. रडत होता आणि म्हणत होता. किती वेळ... त्याला सांगता आलं नाही.

मग धूर नाकाला लागला. ओल्या लाकडांचा. आंबेपाडा. कुडाच्या फटींतून उजेड. पाड्यावरची कुत्री यांना बघून उठली... आणि गप्प बसली. शेपट्या पोटाशी घेऊन.

अंगण आलं.

"टेकव."

"हूं."

"मी बी येतो आत."

"हूं."

गेला तोंडातून. सवयीनं. सगळी वाट हूं म्हणत आलेली जीभ... ती थोडीच ऐकून मग बोलते? शब्दाचा अर्थ डोक्यात उतरला तेव्हा डोली जमिनीवर टेकली होती. नर्सबाई आत गेल्या होत्या, दार लोटलं होतं.

बहिरूनं दारावर हात टाकला. आतल्या बायकांनी त्याला बाहेर काढलं. पुरुषाचं काय काम तिथं? तो उंबऱ्याशी बसला आणि कपाळ दाराच्या चौकटीला टेकून राहिला. मनात एकच, की नेणार असशील तर मला ने, तिला नको.

गोरक्ष शेजारी येऊन टेकला. हसत होता. म्हणाला, "काका, तुम्ही होता म्हणून आलो. माझी तर बोलतीच बंद झाली हुती. तुम्ही मागनं इतकं नीट सांगत आला... पन एक समजंना. सांगायचं बी तुमी आन् हूं बी तुमीच म्हनायचं. मला वाटलं, काका सोताला धीर देतोय."

बहिरूनं कपाळ परत चौकटीला टेकलं. 

पहाटेच्या सुमाराला आतून बाळाचा आवाज आला. मुलगा. भागी धडधाकट. नर्सबाईंनी आडवं मूल आतल्या आत फिरवून घेतलं होतं. सगळा पाडा दाराशी जमला, वाल्मीक तर हुंदके देऊन रडला. बहिरूनं भागीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती उबदार होती, हसत होती. तो मला म्हणाला, मला वाटलं, सुटलो. मी उगाच भावाबद्दल भलतंसलतं मनात आणलं. त्यानं तर माझी पोर वाचवली.

नर्सबाई बाहेर आल्या, अंगणात हात धुऊ लागल्या. पाणी बहिरूच घालत होता. बाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "तुमचा तो तिसरा गडी कुठं गेला? त्याला चहा तरी द्या. बिचारा अंधारात सगळी वाट सांगत आला."

बहिरूनं विचारलं, "कुठनं सांगत होता, बाई?"

"माझ्या डाव्या हाताला. अगदी कानाशी. जवळून चालत होता."

डाव्या हाताला दरी होती. बहिरूनं तेवढंच सांगितलं. बाईंच्या ओंजळीतलं पाणी खाली सांडलं.  मग म्हणाल्या, तुम्ही जरा आत या, मला तुम्हाला बाळ दाखवायचं आहे.

त्यांनी दुपटं बाजूला केलं. बाळाच्या उजव्या खांद्यावर, मानेच्या अंगाला, कातडी जाड होती. पिवळट, टणक. डाग नाही, मस नाही. घट्टा. तुम्ही कुठल्याही जुन्या डोलीवाल्याचा सदरा उतरवून बघा, दांडी बसते तिथं असतो तसा. बाईंनी त्यावर बोट दाबलं. म्हणाल्या, मी आजवर इतकी बाळं हातात घेतली, हे कधी पाहिलं नाही, हा व्हायला वर्षानुवर्षं ओझं वाहावं लागतं. मग त्यांनी दुपटं नीट गुंडाळलं. परत खाली उतरताना त्या डोलीत बसल्या नाहीत, दुखऱ्या गुडघ्यांनी चालत आल्या. 

ते पोर आता पाच वर्षांचं झालंय. गोड आहे, अंगानं बारीक. भागी त्याला जिवापाड जपते, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. बहिरूनं त्याच दिवशी डोली मोडून चुलीत घातली. पाड्यावर दुसरी डोली नाही.

परवा घटस्थापनेला मी कडवईला गेलो होतो, रेंजरसाहेबांचं सामान पोचवायला. एवढं वर आलो म्हणून आंबेपाड्यावर डोकावलो. सकाळची वेळ. भागी अंगणात पोराला अंघोळ घालत होती. बहिरू ओट्यावर बसला होता, पोराकडं पाठ करून. मी पोराला जवळ घेतलं आणि खांद्याला हात लागला, तसं ते कळवळलं.

घट्टा सोलवटला होता. लाल, ओला. रात्रभर दांडी वाहिल्यासारखा.

मी भागीकडं बघितलं. तिनं वाटीतलं खोबरेल बोटावर घेतलं आणि अगदी हलक्या हातानं पोराच्या खांद्याला लावलं. पोर रात्रभर तिच्या कुशीतून हललं नव्हतं, म्हणाली.

"घट बसतात त्या सकाळीच होतं असं, चाचा. वर्षातनं एकदा. दोन दिसांत भरून येतं."